विस्तवावाचूनचे स्वयंपाकघर



आम्ही कामगार चळवळीतले. पगारवाढ, बोनस, कंत्राटी कामगारांची कायम नेमणूक, यांवर बोलण्यास आम्हांला बोलावले असते तर कोणास नवल वाटले नसते. पण आज आम्ही बोलणार आहोत कच्च्या आहारावर, आणि त्यातही तत्त्वज्ञानावर नव्हे, तर भांड्यांवर. कच्चे खायचे ठरवले तर घरात काय असावे, काय नसले तरी चालते, आणि कोणती वस्तू नसेल तर हा नाद मुळीच करू नये, एवढाच आमचा विषय. आम्ही डॉक्टर नाही. शाळा दहावीनंतर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि सार्वजनिक वाचनालयाने केले. तेव्हा जे वाचून पडताळले आणि जे स्वतः भोगले, तेवढेच सांगतो.

या विषयात आम्ही पडलो तो एका सभासदामुळे. चाकणच्या बाजूस एका कारखान्यात तो प्रेस मशीनवर काम करतो. वय पंचेचाळीस, मधुमेह नुकताच निघालेला. कोणी तरी त्याला एका शिबिरात नेले. तिथे त्याला सांगण्यात आले की शिजवलेले अन्न म्हणजे मेलेले अन्न, आणि जिवंत अन्न खाल्ले की रोग पळतो. शिबिराच्या दारातच यंत्रे विकावयास ठेवलेली होती. त्याने रस काढण्याचे यंत्र आणि फळे वाळवण्याचे यंत्र हप्त्यांनी घेतले. दोन महिन्यांचा पगार गेला. गॅसची शेगडी माळ्यावर चढली. पहिल्या पाळीला जाताना तो पेलाभर रस पिऊन निघे आणि डब्यात काकडी, टोमॅटो, गाजर नेई. साखर उतरवण्याच्या गोळ्या मात्र पूर्वीच्याच मापाने चालू होत्या. तिसऱ्या आठवड्यात मशीनवर उभा असताना त्याला दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली बसला. शेजारच्या सोबत्याने बटण दाबून मशीन थांबवले म्हणून हात वाचला. पोटात भाकरी कमी आणि गोळी तेवढीच, म्हणजे साखर नको इतकी उतरणार, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या पत्नीने एकच वाक्य सांगितले. ती म्हणाली, "भाऊ, पूर्वी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की माझी सुटका व्हायची. या किसणीला शिट्टीच नाही." पहाटे साडेचारला उठून ती किसत, खवत, निवडत बसे. चूल विझली होती. काम वाढले होते. त्या दिवसापासून आम्ही या प्रश्नाकडे कामगार संघटकाच्या नजरेने पाहू लागलो. कोणतेही नवे यंत्र वा नवी पद्धत आली की आम्ही विचारतो, यात कोणाचे श्रम वाढले आणि कोणाचा पैसा गेला? स्वयंपाकघर हाही एक कारखानाच आहे. तिथे हा प्रश्न विचारायचा नाही, असे कोणी ठरवले?

कच्चे खाणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. चैत्रातली आंबेडाळ घ्या. हरभऱ्याची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, कैरी किसून घालायची, वरून फोडणी. विस्तव लागतो तो त्या पळीभर फोडणीपुरता. खमंग काकडी, मुळ्याचा चोचा, गाजराची पचडी, भिजवलेले शेंगदाणे, भाकरीबरोबर फोडलेला कांदा ही आपल्या ताटाची डावी-उजवी बाजू आहे. मात्र ती बाजू आहे; सगळे ताट नव्हे. आमच्या लहानपणी ती एकदा सगळे ताट झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. संप लांबला तसे रॉकेल पुरवून वापरावे लागे. स्टो दिवसातून एकदाच पेटे. सकाळच्या वेळेस आई रात्री भिजवलेले हरभरे मीठ-कांदा लावून वाटीत देई. तिने त्याला आहारशास्त्र म्हटले नाही. म्हणून हौसेने चूल विझवणाऱ्याला आम्ही हसत नाही. पण चूल पेटणे म्हणजे काय, हे आम्ही विसरूही शकत नाही.

आता इतिहासातले दोन प्रयोग पाहू. कारण भांड्यांचा धडा त्यांतच आहे.

स्वित्झर्लंडात झुरिक येथे मॅक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर नावाचे डॉक्टर होते. १९०४ साली त्यांनी तेथे आरोग्यधाम काढले, आणि रुग्णांना ते कच्चा आहार देत. त्यांचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे आज डब्यांतून विकले जाणारे म्यूस्ली. मूळ कृती अगदी साधी. चमचाभर ओट रात्रभर पाण्यात भिजवायचे, त्यात लिंबाचा रस आणि थोडे आटवलेले डब्याचे दूध घालायचे, आयत्या वेळी सफरचंद सालीसकट किसून मिसळायचे आणि वर बदामाची किंवा हेझलनटची पूड. लागणारे साहित्य म्हणजे एक वाडगा आणि एक चांगली किसणी. तिकडे बारीक किसणीच्या एका प्रकाराला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. यंत्र नव्हे, किसणी!

दुसरा प्रयोग महात्मा गांधींचा. १८९३ साली प्रिटोरियात त्यांनी असा प्रयत्न करून थोड्याच दिवसांत सोडला होता. १९२९ साली पुन्हा मोठ्या निष्ठेने केला आणि 'यंग इंडिया'तून त्याचे तपशील प्रसिद्ध केले. मोड आणलेले गहू ८ तोळे, बदाम वाटून ८ तोळे, हिरवा पाला वाटून ८ तोळे, लिंबे, मध, असे ते माप होते. दात कमजोर, म्हणून वाटणे आवश्यक. विस्तवाचा स्पर्श होई तो फक्त पाण्याला. पण त्याच वर्षी ऑगस्टात आमांशाने ते आजारी पडले आणि प्रयोग थांबवावा लागला. आपला प्रयोग फसला हेही त्यांनी लोकांपुढे मांडले, हा त्यांचा मोठेपणा.

या दोन गोष्टींतून आम्ही पुढील यादी बांधली आहे. श्रोत्यांनी ती आपल्या घराशी ताडून पाहावी.

पहिले भांडे: पाणी उकळण्याचे पातेले

कच्च्या आहाराच्या स्वयंपाकघरातली पहिली वस्तू म्हणजे शेगडी! हे विनोदाने म्हणत नाही. शिजवण्याने अन्न मऊ होते, तसेच त्यातले रोगजंतू मरतात. तो पहारेकरी आपण घरी पाठवला, तर त्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करावयास हवे. पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळावे, झाकून निववावे, आणि भिजवण्यास, वाटण्यास व शेवटच्या धुण्यास तेच वापरावे.

हा धडा आम्ही फुकट शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी युनियनच्या अभ्यासवर्गात न्याहारीला वडा-पावाऐवजी मोड आलेले मूग द्यावे, अशी सूचना आम्हीच केली. मूग उत्तम होते. मोड लांब, पांढरे, मोत्यासारखे. भिजवले होते मात्र गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात, आणि टाकीचे झाकण फुटलेले होते. दुपारपर्यंत निम्मा वर्ग आडवा. सुदैवाने दोन दिवसांत सारे बरे झाले, पण "कॉम्रेड, आज न्याहारीला काय?" हा प्रश्न आम्हांला पुढे वर्षभर ऐकावा लागला.

मोड आणण्यास जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई-कोलाय जंतूंची साथ पसरली. सुमारे ४,००० माणसे आजारी पडली आणि ५० हून अधिक दगावली. हे स्वच्छतेबद्दल नावाजलेल्या देशात झाले. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना मोडाची उसळ करूनच द्यावी. कच्चे मोड देऊ नयेत.

दुसरी गोष्ट: धुण्याची जागा

मोरीत किंवा सिंकमध्ये भाजी ओतून वर पाणी सोडणे म्हणजे धुणे नव्हे. एक मोठी रोळी किंवा भोकाची चाळणी आणि दोन पातेली एवढे पुरते. आधी हात साबणाने धुवावेत. मग पालेभाजीची जुडी सोडून एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळावे. मिठाच्या पाण्यात बुडवले की सर्व जंतू मरतात ही समजूत खोटी आहे. त्याने माती आणि अळ्या सुटतात, एवढेच. कोबीची वरची पाने काढून टाकावीत. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा रोगी उघड्यावर शौचास बसला, की कृमीची अंडी मातीतून व सांडपाण्यातून भाजीवर येतात. ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. शाकाहारी घरातही हा रोग आढळतो तो यामुळेच. ज्या भाजीचा मळा सांडपाण्यावर पोसलेला आहे, ती खुशाल शिजवावी. सालीच्या वस्तू, म्हणजे केळे, काकडी, गाजर, मुळा, कलिंगड, या कच्च्या खाण्यास त्यातल्या त्यात सोप्या. पण कापण्याआधी त्यांचीही साल धुवावी, नाही तर विळीबरोबर घाण आत जाते.

तिसरी गोष्ट: कापणे, किसणे, खवणे

चांगली विळी असेल तर नव्या सुरीची गरज नाही. पण ती दर महिन्याला पाजवून घ्यावी. बोथट पात्याने वेळही जातो आणि बोटही. ज्या घरात मासळी-मटण होते तिथे दोन पाती असावीत, एक मासळीचे आणि एक कच्च्या खाण्याचे. बोंबील कापलेल्या विळीवर लगेच काकडी चिरू नये. मासळी शिजणार आहे, काकडी शिजणार नाही, एवढे ध्यानात ठेवले की नियम पाठ करावा लागत नाही. किसणी दोन भोकांची घ्यावी, जाड आणि बारीक. ती जाड पत्र्याची असावी आणि खाली टेकणारी असावी, म्हणजे मनगटावर भार येत नाही. नारळाची खवणी घरात असतेच.

चौथी गोष्ट: वाटणे

पाटा-वरवंटा किंवा घरातला साधा मिक्सर, दोहोंपैकी एक पुरे. हळू फिरून रस काढणारे महागडे यंत्र मुळीच नको. त्यात फळाचा चोथा वेगळा पडतो, आणि नेमका तो चोथाच आपल्याला हवा असतो. मधुमेह्याने तर चोथा टाकून रस प्यावा यासारखा उलटा व्यवहार नाही. साखर झपाट्याने रक्तात चढते. "यंत्र अन्नातील जिवंत पाचकद्रव्ये वाचवते" असा प्रचार असतो. पाचकद्रव्ये ही प्रथिने होत. जठरात गेली की बहुतेक प्रथिनांप्रमाणे तीही पचून जातात. ती वाचवण्याकरिता हप्ते भरण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट: मोडाचे फडके आणि योग्य भांडी

पातळ सुती फडक्याचे दोन तुकडे ठेवावेत. एक वापरात, एक उकळून उन्हात. मूग किंवा मटकी निवडून, धुऊन ८ ते १० तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळावे, फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवावी आणि दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावी. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर जिवावर आले तरी फेकून द्यावे.

कोशिंबीर, कैरी, लिंबू, दही यांसाठी स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी घ्यावीत. कल्हई नसलेल्या पितळेत वा तांब्यात आंबट पदार्थ कळकतो आणि उलट्या होतात, हे आपल्या आज्या जाणत होत्या. आता हौसेने पितळी भांडी पुन्हा घेतली जातात, पण कल्हईवाला मात्र हाकेच्या अंतरावर राहिलेला नाही.

सहावी गोष्ट: साठवण

शीतकपाट असेल तर उत्तम. नसेल तर एका मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरावी, त्यात लहान मडके बसवावे, वाळू ओली ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतली भाजी ताजी राहते. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने १९९० नंतरच्या दशकात गरिबांसाठी अशा जोडमडक्यांचा मोठा प्रसार केला. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले चालते. कोकणात आणि मुंबईत हवा दमट, तिथे फारसा गुण येत नाही. चिरलेली कोशिंबीर बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. म्हणून कामगाराच्या डब्यात चिरलेली काकडी देऊ नका, धुऊन पुसलेली अख्खी काकडी द्या. जेवायच्या वेळी तो ती मोडून खाईल.

सातवी गोष्ट: भिंतीवरचा कागद

जे कच्चे खाऊ नये त्याची यादी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी. राजमा नुसता भिजवून खाल्ला तर मूठभरानेही जोराच्या उलट्या होतात. तो चांगला खळखळ उकळलाच पाहिजे. अळू आणि सुरण घसा खाजवतात. हिरवा पडलेला बटाटा कच्चाच काय, शिजवूनही नको. कडवे वाल कच्चे नकोत. कच्चे दूध नको; दही लावायचे तर तापवलेल्या दुधाचे. बुरशी आलेला, काळवंडलेला शेंगदाणा फेकून द्यावा. त्यातले विष भाजूनही पुरते जात नाही.

इतके सारे करून कच्च्या आहाराने काय मिळते? हिशेब सरळ मांडू. क जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे नष्ट होते. ते कच्च्यात टिकते. चोथा मिळतो, पोट साफ राहते, मीठ-तेल कमी जाते. उलट बाजूस, गाजरातले आणि टोमॅटोतले रंगद्रव्य शिजवून थोड्या तेलाबरोबर अधिक अंगी लागते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. आणि सर्वांत मोठी बाब बळाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या मापाप्रमाणे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. १०० ग्रॅम काकडीत असतात जेमतेम १५! हमालाने काकडीवर राहायचे म्हटले तर रोज वीस किलोंहून अधिक काकडी चावावी लागेल. शेंगदाणे आणि ओले खोबरे यांनी ही तूट थोडी भरते, पण भाकरीची जागा ती घेत नाहीत. केवळ कच्च्या आहारावर दीर्घकाळ राहिलेल्या लोकांची जर्मनीत पाहणी झाली आणि १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांचे वजन घटलेले होते, आणि पंचेचाळीस वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीर आपल्या भाषेत टाळेबंदी जाहीर करते ती अशी!

म्हणून आमचा तोडगा कामगारी आहे: समझोत्याचा. दिवसाच्या जेवणातला एक भाग कच्चा ठेवा, सगळे जेवण नव्हे. ताटात भाकरी, आमटी राहू द्या. शेजारी वाटीभर कोशिंबीर, मूठभर भिजवलेले शेंगदाणे किंवा मोड, आणि ऋतूतले एक स्वस्त फळ. एवढ्याला लागणारी भांडी बहुतेक घरांत आजच आहेत. नवे घ्यायचे ते एक चांगली किसणी, एक चाळणी आणि दोन फडकी. आणि ज्याला मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याने ताट बदलण्याआधी डॉक्टरला विचारावे. गोळीचे माप ताटावर ठरलेले असते.

आता त्या सभासदाचे सांगून संपवतो. शेगडी माळ्यावरून खाली आली. डॉक्टरांनी गोळ्यांचे माप पुन्हा ठरवून दिले. यंत्रे परत घेण्यास विकणाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा आम्ही काही जण जाऊन बसलो. एक परत गेले, दुसरे अजून त्याच्या माळ्यावर आहे. घरात एक नवा नियम झाला. जो कोशिंबीर मागेल, त्याने ती किसावी. आता रात्री जेवणाआधी तो स्वतः खाली बसून काकडी कोचवतो, मुलगा नारळ खवतो आणि बाई भाकरी थापतात. परवा आम्ही जेवायला होतो. काकडी अंमळ जाडच कोचवलेली होती आणि मीठही थोडे जास्त पडले होते. पण ताटावर चौघेही एकदमच बसली, आणि त्या बाई तव्यावरून उठून सर्वांत शेवटी बसल्या नाहीत.

स्वयंपाकघरात काय काय असावे या प्रश्नाची यादी आम्ही दिली. तीत एक वस्तू राहिली होती, ती ही: कामाची वाटणी. ती बाजारात मिळत नाही, हप्त्यांवरही मिळत नाही. पण ती नसेल, तर चुलीवरचे अन्न काय आणि कच्चे अन्न काय, घरातल्या एका माणसाच्या घशाखाली ते सुखाने उतरणार नाही.